मदत हवी आहे: गावच्या वाचनालयाची किल्ली मुलांच्या हाती द्यावी का?

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावात आमच्या मंडळाचं मराठी वाचनालय आहे. सहा वर्षांपासून मी त्याचा कार्यवाह आहे. एक खोली, चार लोखंडी कपाटं, दोन लांब बाकं आणि रोजची तीन वर्तमानपत्रं. वेळ संध्याकाळी पाच ते सात. गेल्या महिन्याच्या देवघेव वहीत सतरा नावं आहेत, त्यात पंचविशीच्या आतलं एकच.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा खेड्यांत मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि मांडवात बसायला जागा मिळत नाही. तेव्हा आमच्याकडे वाचनाची ओढच नाही, असं मी मानत नाही. चूक आमच्या वेळेत आणि आमच्या कपाटांत आहे, असं आता वाटायला लागलंय.

सैन्यभरती आणि पोलीसभरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पळून येतात आणि वाचनालयाच्या पायरीवर बसून मोबाईलवर प्रश्नपत्रिका सोडवतात. पाठीमागे दाराला कुलूप. बेळगावच्या कॉलेजला जाणाऱ्या मुली बसने घरी पोचेपर्यंत साडेसहा होतात, मग घरचं काम. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले, त्यातला एक आहे 'वाचकाचा वेळ वाचवा'. आमची वेळ निवृत्त माणसांच्या सोयीची आहे. ती माणसं मला प्रिय आहेत, वाचनालय त्यांनीच उभं केलं. पण पोरं पायरीवर आणि खोली कुलपात, हे रोज बघवत नाही.

म्हणून दिवाळीनंतर पंधरा दिवस सकाळी सहा ते नऊ दार उघडून बघितलं. पहिल्या दिवशी चारजण आले, आठवड्यात अकरा झाले. बाकं पुरेनात तेव्हा समाजमंदिरातली चटई आणली. पण सगळे आपापली गाईडं घेऊन येतात. कपाटाकडे कुणी वळत नाही. एकाने विचारलं, "काका, कन्नड व्याकरणाचं पुस्तक आहे का?" कर्नाटकात सरकारी नोकरी हवी तर कन्नड लागतंच, आणि मराठी शाळेतून आलेल्या पोराची तिथेच दांडी उडते. मी हा विषय कमिटीत काढला. दोघांनी स्पष्ट विरोध केला, मराठी वाचनालयाच्या पैशातून कन्नड पुस्तकं कशाला म्हणून. त्यांच्या मनातली सल मला कळते, सीमाभागात राहणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. तरीही माझं मत पुस्तकं घ्यावीत असंच आहे. पोरगं गावात टिकलं, नोकरीला लागलं, तर उद्या मराठी पुस्तकही तेच घेईल.

दुसरी गोष्ट मला जास्त लागलीय. आठवीतली एक मुलगी आजीसाठी पुस्तक बदलायला येते. ती कन्नड माध्यमात आहे. घरी चोख मराठी बोलते. एकदा म्हटलं, तूच दोन ओळी वाचून दाखव. देवनागरी तिला हिंदीमुळे येते, पण 'आभाळ' या शब्दावर थांबली. 'ळ' हे अक्षर तिला हिंदीच्या पुस्तकात भेटलंच नव्हतं. मी शेजारी कन्नड लिपीतला ळ काढून दाखवला. क्षणभर बघून ती म्हणाली, "अय्यो, बेळगावातला ळ!" आणि पुढचं अख्खं पान वाचलं, जोडाक्षरांवर अडखळत, पण थांबली नाही. तेव्हापासून वाटतंय की अशी कितीतरी मुलं गल्लीत असतील. मराठी त्यांच्या तोंडात आहे, डोळ्यांना तेवढी ओळख हवी. त्यांना लहान मुलांची चित्रांची पुस्तकं द्यावीत तर लाज वाटते, आणि मोठ्या कादंबऱ्या झेपत नाहीत. ज्या लेखकांना जाऊन साठ वर्षं उलटली त्यांचं लेखन कॉपीराइटमधून मुक्त होतं. त्यातल्या छोट्या गोष्टी मोठ्या टायपात छापून दोन-चार पानांचे संच करावेत, असा विचार आहे. कुणी असं केलंय का? तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना काय आवडलं?

पैशाचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यामुळे अ, ब, क, ड वर्गवारीनुसार ग्रंथालयांना अनुदान मिळतं. आम्ही हद्दीच्या अलीकडे. कर्नाटकाचा कायदा १९६५ चा, घरपट्टीवर ग्रंथालय कर आहे, पण आमच्या मंडळापर्यंत त्यातलं काही आलेलं नाही. वर्गणी आणि गणपतीतली देणगी, एवढ्यावर चालतं. ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात मात्र २०२० पासूनच्या 'ओदुव बेळकु' योजनेत मुलांना सभासदत्व फुकट आहे. आमच्या कपाटातली शंभरेक मराठी पुस्तकं तिथे ठेवायला दिली तर? पुस्तकं मुलांपर्यंत जातील, पण आमची खोली ओस पडेल, ही भीती कमिटीला आहे. मला ती फारशी वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न. सकाळचं दार मी रोज उघडू शकत नाही, माझी नोकरी औद्योगिक वसाहतीत पाळीची आहे. पंधरा दिवस जमलं, कारण पाळी दुपारची होती. पोरं म्हणतात किल्ली आमच्याकडे द्या, झाडलोट आम्ही करतो. कमिटी म्हणते पुस्तकं गेली तर जबाबदार कोण? ज्यांच्या गावात मुलांनीच अभ्यासिका चालवलीय त्यांनी सांगा: किल्ली एकाकडे ठेवली की पाळीपाळीने दिली? वही कोण लिहायचं? मुलींसाठी वेगळी वेळ ठेवली की एकत्रच चाललं? पुस्तकं खरंच गहाळ झाली का, आणि झाली तर काय केलंत?

येत्या रविवारी कमिटीची बैठक आहे. त्याआधी कुणी आपला अनुभव लिहिला तर तो मी तिथे वाचून दाखवीन. फसलेला प्रयोग असेल तर तोही लिहा.