बेने इस्रायली आईवरचा एकपात्री प्रयोग

प्रश्न: पुण्यात रास्ता पेठेत वाढलेल्या माझ्या बेने इस्रायली (महाराष्ट्रातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातील) आईवर, जी शुक्रवारी शब्बाथचा (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचा) दिवा लावण्याच्या क्षणापर्यंत शेजारणींशी अस्सल मराठीत वाद घालत असे, मी एकपात्री प्रयोग लिहीत आहे. तिचे व्यंगचित्र होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर: मलिद्याचा विधी अवश्य दाखवा. भिजवलेले गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हन्नाबींचे (प्रेषित एलिया यांचे) स्मरण करणारी आई प्रेक्षकांना दिसली, की कोकणात शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवणाऱ्या ‘शनवार तेल्यां’चा, म्हणजे बेने इस्रायलींच्या पूर्वजांचा, वारसा सांगणे सोपे जाईल.

दुसरे उत्तर: अमेरिकी विनोदातील, मुलांना सतत अपराधी वाटायला लावणाऱ्या ज्यू आईचा साचा मात्र कृपया उचलू नका. तुमच्या आईची मराठी जपा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. मलिद्याचा प्रवेश आजच लिहायला घेतो.