पहाटे सेल्फ मारला की बोनेटखालून कुईंऽऽ आवाज, दुपारी काहीच नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. राहायला कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली, नदी अगदी जवळ. दिवाळी झाल्यापासून रोज पहाटे सेल्फ मारला की बोनेटखालून कुईंऽऽ असा चिरका आवाज येतो. शेजारच्या गोठ्यातली म्हैस मान वळवून बघते, एवढा मोठा. तीन-चार मिनिटांत उतरत उतरत बंद होतो. मग दिवसभर नाव नाही. नदीवर धुकं असलं आणि काचेवरून दवाचे ओघळ येत असले की त्या दिवशी हमखास, आणि जास्तच.

खरी अडचण पुढं आहे. गॅरेज शिवाजी उद्यमनगरात. तिथं पोचेस्तोवर इंजिन गरम, आवाज गायब. मिस्त्रींनी दोनदा बोनेट उघडून कान लावला आणि म्हणाले, "डिझेल आहे, थंडीत एवढं चालायचंच." तरी माझ्या आग्रहाखातर पहिल्या वेळी फॅनबेल्ट बदलला. आठ दिवस शांत, नवव्या दिवशी परत तेच.

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण मंगळवारी आणि शुक्रवारी आईला डायलिसिसला न्यायचं असतं, पहाटे साडेपाचला निघतो. सध्या कारखाने सुरू आहेत, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, मागे दिवे असतीलच असं नाही. अशा अंधारात आईला घेऊन गाडी मध्येच बंद पडली तर काय करायचं, हे डोक्यातून जात नाही.

अजून दोन गोष्टी. सकाळी स्पीडब्रेकरवर पुढच्या डाव्या चाकाकडून कर्र-कर्र येतं, आणि पहिला ब्रेक दाबला की घासल्यासारखं होतं. २०२१ च्या पुरात गाडी दोन दिवस अर्ध्या चाकाएवढ्या पाण्यात उभी होती. त्याचा यात काही संबंध असेल का?

प्रतिसाद

दादा, तिन्ही आवाज वेगळे आहेत, एकत्र करू नका.

पहिल्या ब्रेकचं सोडून द्या. रात्रीच्या दवानं डिस्कवर गंजाची पातळ साय धरते, दोन-तीन ब्रेकमध्ये निघून जाते. पुढंही घासत राहिलं तरच पॅड बघा. कर्र-कर्र म्हणजे बहुतेक लोअर आर्मचा बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातलं रबर. जुनं रबर थंडीत कडक होतं.

कुईंचं मात्र मनावर घ्या. सेल्फ मारताना बॅटरी खर्च होते, ती भरून काढायला पहिली काही मिनिटं अल्टरनेटरवर, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरवर, जास्त लोड येतो. त्यात तो फिरवणारा पट्टा (तुमचा फॅनबेल्ट) गार आणि ओला. पकड ढिली असेल तर तो पुलीवर घसरतो आणि चिरकतो. बॅटरी भरली, पट्टा तापून कोरडा झाला की गप्प. गॅरेजमध्ये ऐकू येत नाही ते यामुळंच.

उद्या पहाटे आवाज चालू असताना हेडलाइट आणि ब्लोअर लावा. वाढला तर पट्टाच. मग स्प्रेच्या बाटलीनं पट्ट्याच्या आतल्या, खाचांच्या बाजूला थोडं पाणी मारा. क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, उलट वाढला तर ताण कमी. हात, मफलर, बाही लांब ठेवा, चालू पट्टा कुणाची गय करत नाही. आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही याच पट्ट्यावर असतो. बॅटरीचा लाल दिवा लागला किंवा स्टिअरिंग जड झालं तर लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

प्रतिसाद

आवाजाचा व्हिडिओ काढाच, पण त्यावर भागवू नका. गाडी रात्री गॅरेजच्या दारात, उघड्यावर ठेवा. मिस्त्रींनी सकाळी गार इंजिनावर स्वतः सेल्फ मारला पाहिजे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हेडलाइट लावल्यावर आवाज वाढला, पाणी मारल्यावर तर किंचाळीच. बुधवारी रात्री गाडी गॅरेजसमोर ठेवली. गुरुवारी साडेसहाला मिस्त्री आले, मोबाइलवर १३ अंश दिसत होते. सेल्फ मारला आणि तेच म्हणाले, "हां, हे चालायचं नाही."

पट्टा काढून अर्धा मिनिट इंजिन चालवलं, आवाज नाही. मग त्यांनी टेन्शनरची, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या भागाची, पुली खोलून माझ्या हातात दिली. बोटानं फिरवली तर आत वाळूचे कण असल्यासारखी खरखर, आणि दर फेरीला एका जागी अडखळत होती. बेअरिंग कोरडं पडलेलं, स्प्रिंगही ढिली. नवा पट्टा आठ दिवसांत थोडा सैलावला, तो ताणून धरायला या स्प्रिंगमध्ये दम नव्हता. पुराच्या पाण्यानं ग्रीस गेलं असेल, असं मिस्त्रींचं मत.

टेन्शनर आणि पट्टा दोन्ही नवे टाकले. आज शुक्रवार, साडेपाचला निघालो, नदीवर दाट धुकं होतं. आवाज आला नाही. आई मागच्या सीटवर झोपून गेली.

आता राहिला बुश. डावा फाटलाय, उजवा अजून बरा दिसतोय. दोन्ही एकदमच बदलावेत का? ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा.