मनगटात प्लेट आहे, हातात .३२ रिव्हॉल्व्हर आहे. गोळी उडताना बसणारा धक्का सोसेल असं काय करावं?

नमस्कार मंडळी,

नाशिकहून लिहिते आहे. वय ५१. सहा वर्षांपासून .२२ स्पोर्ट्स पिस्तूल (.२२, .३२ हे आकडे गोळीच्या जाडीचे, इंचांत) चालवते, जिल्हा पातळीच्या पुढे फारशी गेले नाही, पण रविवार सकाळ रेंजवर हे ठरलेलं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गंगापूर रोडला स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. आत प्लेट आहे. .२२ आता पुन्हा नीट चालते, त्याचा त्रास नाही.

त्रास दुसऱ्याच गोष्टीचा आहे. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं, .३२ रिव्हॉल्व्हर यंदा माझ्या परवान्यावर आलं. नाना ७६ वर्षांचे. निफाड तालुक्यात द्राक्षबाग, मळ्यातच राहायचे, तेव्हा घेतलेलं. २०१६ च्या शस्त्र नियमांत सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला आपलं शस्त्र वारसाच्या नावावर करता येतं. ह्यांना त्यात रस नाही, म्हणून नानांनी माझं नाव दिलं. आयुक्तालयाच्या चकरा, पोलीस पडताळणी, सगळं रीतसर झालं. दर दसऱ्याला नाना ते पाटावर ठेवून तेल लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे. यंदा फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ठेवायचं असेल तर चालवता आलं पाहिजे, नाहीतर जमा करून टाक." मला ते पटलं. जबाबदारी घेतली आहे तर ते नीट चालवायला शिकायचंच आहे.

पण रेंजवर पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. सहा राऊंड भरले. पहिले तीन टार्गेटवर बऱ्यापैकी लागले. चौथ्यापासून सगळे खाली डावीकडे. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात लाल वळ उठला, मधल्या बोटाच्या पेराला चापाच्या कडीचा मार बसला, आणि प्लेटच्या जागी जो ठणका सुरू झाला तो दोन दिवस राहिला. पोळी लाटताना लाटणं धरवेना.

इंटरनेटवर वाचलं तर तिकडे अमेरिकेत धक्का न सोसणाऱ्यांना हल्ली .३२ च्याच कुळातली काडतुसं सुचवतात. .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग हे १८९६ पासूनचं, मग १९८४ चं .३२ एच अँड आर मॅग्नम, आणि २००७ नंतर आलेलं .३२७ फेडरल मॅग्नम. त्यांच्याकडे .३८ आणि .३५७ चा सुळसुळाट, त्यामुळे .३२ ही जाणकारांची आडवाटेची निवड. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. .३८ प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणाऱ्या मापांत जातं, म्हणून साध्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर म्हटलं की .३२ लाँगच. म्हणजे ते लोक ज्या सौम्य काडतुसाकडे वळताहेत, तेच मला सोसत नाहीये. म्हणून जास्त अस्वस्थ वाटतंय.

एका दुकानात विचारायला गेले. माझं मनगट न बघताच उत्तर मिळालं, "मॅडम, लेडीजला हलकं बरं पडतं, पाचशे ग्रॅमचं घ्या, पर्समध्ये राहतं." मला याचा मनापासून राग आला. काडतूस तेच असेल तर वजन कमी झालं की धक्का वाढतो, हे नववीच्या विज्ञानात आहे. नानांचं रिव्हॉल्व्हर साधारण सातशे ग्रॅमचं आहे. तेच काडतूस पाचशे ग्रॅममधून उडवलं तर मागे येणारा वेगही सुमारे १.४ पट आणि धक्क्याची ऊर्जाही तितकीच पट. ज्याचा हात दुखरा त्याला हलकं शस्त्र द्यायचं, हा सल्ला बायकांना सर्रास दिला जातो, आणि पहिल्याच दिवशी दुखलं की बाई म्हणते, "मला नाही जमणार." पर्समध्ये ठेवायला हलकं बरं असेल, हाताला नाही.

माझे प्रश्न:

वॉडकटर (सपाट तोंडाच्या गोळीच्या) काडतुसांनी धक्का खरंच कमी होतो का, की नुसतं भोक स्वच्छ पडतं? ज्यांनी .३२ मध्ये साधं आणि वॉडकटर दोन्ही चालवलंय त्यांनी सांगा. जास्त वजनाचं रिव्हॉल्व्हर बघावं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे दुखणं हाताचं आहे की मनाचं, हे कसं ओळखायचं?

---

प्रतिसाद

ताई, मी सेंटर फायर (.२२ पेक्षा मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलाचा नेमबाजी प्रकार) बरीच वर्षं खेळलो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वॉडकटर. त्याची गोळी सपाट तोंडाची, पुंगळीच्या काठापर्यंत आत बसवलेली. कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद राहत नाही. दारूचा भार बेताचा असतो, म्हणून धक्काही कमी, पण जमीन-अस्मानाचा फरक समजू नका. २५ मीटर सेंटर फायरमध्ये .३० ते .३८ पर्यंतचं काहीही चालतं, तरी बहुतेक जण .३२ लाँग वॉडकटरच घेतात. साठ गोळ्यांत शेवटच्या गोळीलाही हात पहिल्यासारखा राहिला पाहिजे, हे त्याचं कारण. नेमबाज जसपाल राणांनी २००६ ला दोहा एशियाडमध्ये अंगात ताप असताना ६०० पैकी ५९० मारले आणि जागतिक विक्रमाशी बरोबरी केली, ती याच प्रकारात. मात्र ती मंडळी हातात हजार ग्रॅमच्या पुढचं पिस्तूल आणि तळव्याच्या मापाची लाकडी मूठ घेऊन उभी असतात.

आता तुमचं दुखणं. माझा अंदाज, अर्धं दुखणं चापाचं आहे. तुम्ही घोडा (काडतुसावर आदळणारा मागचा खटका) मागे न ओढता थेट चाप ओढला असणार. त्या चापाला जो जोर लागतो तो .२२ च्या हलक्या चापाच्या कितीतरी पट, आणि तो सगळा अंगठ्याच्या मुळावर येतो. काही दिवस फक्त घोडा डाव्या हाताने चढवून एकेक गोळी मारा. मधल्या बोटाला मार बसतो तो मुठीमुळे. जुन्या बारीक मुठीत चापाच्या कडीमागे पोकळी राहते आणि धक्क्यासरशी कडी बोटावर आदळते. ती पोकळी भरली की तो त्रास थांबतो. हात शक्य तितका वर धरा. नळीची रेषा मनगटाच्या जितकी जवळ, तितकी नळी कमी उसळते.

मनाचं ओळखायला एकच चाचणी. तुमच्या कोचला सिलिंडर भरायला सांगा, चार खरे राऊंड आणि दोन उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या, कुठलं कुठे ते तुम्हाला कळू द्यायचं नाही. रिकाम्या पुंगळीवर घोडा पडला आणि नळी खाली झुकली, तर ते काडतुसाचं काम नाही, तुम्ही धक्क्याच्या आधीच हात दाबताय. खाली डावीकडे जाणाऱ्या गोळ्या उजव्या हाताच्या माणसात बहुतेकदा हेच सांगतात.

एक सूचना जिवाची आहे. दुकानात ".३२" एवढंच म्हणू नका. .३२ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस दिसायला सारखं आणि कधीकधी सिलिंडरमधल्या लाँगच्या घरात बसतंही, पण त्याचा दाब बराच जास्त असतो. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते कधीही घालू नका. डबीवर लाँग किंवा ७.६५ × २३ लिहिलेलं बघूनच घ्या. मॅग्नमचा विचार तर सोडाच. त्या पुंगळ्या लांब असतात, नानांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसायच्याच नाहीत.

---

प्रतिसाद

फिजिओथेरपीत काम करते. प्लेटच्या जागी दोन दिवस ठणका राहतो हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. आधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना दाखवा, एक्स-रे काढा, स्क्रू जागेवर आहेत ना ते बघू द्या. तोवर रिव्हॉल्व्हर बंद.

---

धागाकर्तीचा प्रतिसाद, पाच आठवड्यांनी

दोघांचे मनापासून आभार. आधी एक्स-रे काढला. प्लेट, स्क्रू जागच्या जागी आहेत. डॉक्टरांनी एका दिवसाला बारा गोळ्यांची परवानगी दिली, त्यापुढे नाही.

मग पुंगळ्यांची चाचणी केली. कोचने पाठ करून सिलिंडर भरला. पहिला राऊंड उडाला, दुसऱ्याला नुसती खट्ट झाली आणि नळी चांगली बोटभर खाली गेली. कोच काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला रडू आलं, खरंच सांगते. सहा वर्षं .२२ चालवून मला वाटत होतं की हा दोष माझ्यात नाही.

त्यानंतर दर वेळी सहातल्या तीन पुंगळ्या रिकाम्याच ठेवल्या. कानात बोळे घालून वर कानपट्टी चढवायला लागले. त्या आखूड नळीचा आवाज मला धक्क्याइतकाच दचकवत होता, हे तेव्हा कळलं. घोडा डाव्या हाताने चढवते. चौथ्या रविवारी खट्ट झाल्यावर नळी जागची हलली नाही. त्या दिवशीचे बारा राऊंड साधेच होते, वॉडकटर नव्हते, आणि संध्याकाळी पोळ्या मी केल्या.

नवं रिव्हॉल्व्हर घेत नाही. नाना म्हणाले, "अगं, मीही पहिल्यांदा डोळे मिटलेच होते."

आता फक्त मुठीचं राहिलंय. वरची लाकडी मूठ माझ्या तळव्याला लहान पडते, कडीमागची पोकळी सध्या जाड चामड्याचा तुकडा बांधून भरली आहे, पण तो सरकतो. सातपूर, अंबड किंवा पंचवटीकडे शिसवीचं बारीक काम करणारा एखादा सुतार कुणाला माहीत आहे का? रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे सोडायचं नाही. जुनी मूठ काढून नमुन्याला नेईन आणि मापासाठी समोर बसेन.