वावरातल्या सेन्सरला शिल्डवाली केबल लागते का? माझं मत: पीळ पुरेसा आहे

बगीचावाला (वरूड तालुका)

संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीपासून घरापर्यंत 180 मीटर केबल टाकायची आहे. विहिरीच्या तोंडाशी पाण्याची पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, घरी ईएसपी32 (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि डिस्प्ले. रात्रीची लाइन असते तेव्हा मोटर कोरडी फिरू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. दुकानदार म्हणतो फॉइलची शिल्डेड केबलच घ्या, म्हणजे तारांभोवती बाहेरचा गोंधळ अडवणारं धातूचं आवरण असलेली. भाव साध्या कॅट-5ईच्या (पिळाच्या चार जोड्यांची नेटवर्क केबल) जवळपास दुप्पट सांगितला.

माझं मत आहे की अशा कामाला शिल्ड लागत नाही. गेल्या वर्षी मी साधी दोन कोरची समांतर वायर टाकून सेन्सरचा सिरियल सिग्नल तसाच पाठवला होता. स्टार्टर ओढला की आकडा 14 फुटांवरून एकदम 3 वर. तो दोष शिल्ड नसल्याचा नव्हता. सिग्नल एकाच तारेवर होता, त्यामुळे बाहेरचा प्रत्येक धक्का थेट त्यात मिसळायचा. आरएस-485 या लांब अंतराच्या सिग्नल पद्धतीत ए आणि बी या दोन तारांमधला फरक वाचला जातो. तारांना पीळ असला की मोटरच्या वायरीचं चुंबकीय क्षेत्र एका वळशात जेवढं घुसतं, तेवढंच पुढच्या वळशात उलटं घुसतं. उरलेला गोंधळ दोन्ही तारांवर सारखा येतो आणि वजाबाकीत निघून जातो. ग्रॅहॅम बेलनं 1881 सालीच टेलिफोनसाठी पीळ दिलेल्या तारांचं पेटंट घेतलं होतं. आरएस-485 कमी वेगाला 1200 मीटरपर्यंत चालतं. मला 180 मीटरच हवेत, तेही 9600 बॉडच्या कमी वेगाला.

त्यात आपल्याकडचं अर्थिंग. एप्रिलमध्ये काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक होतो. मग शिल्ड अर्थ करायची तरी कुठं? ज्यांनी दोन्ही केबल वापरल्या आहेत त्यांनी बोलावं.

सौरपंप (आर्वी)

भाऊ, पूर्ण असहमत. तुमचा स्टार्टर ओढला की क्षणभर त्रास देतो आणि गप्प होतो. माझ्याकडे सौर पंप आहे. त्याचा कंट्रोलर पॅनेलची डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडून पंपासाठी एसी बनवतो, आणि कंट्रोलरपासून बोअरपर्यंतची वायर दिवसभर अँटेनासारखी वागते. पहाटे माझे सगळे रीडिंग स्वच्छ यायचे. ऊन चढून पंपानं जोर धरला की दर दहा संदेशांत एखाद-दुसरा खराब. केबल कॅट-6, तांबं अस्सल, आरएस-485, ए-बी एकाच जोडीवर. सगळं तुम्ही म्हणता तसंच केलं होतं.

नंतर शिल्डेड टाकली. ड्रेन तार (शिल्ड जोडण्यासाठी फॉइललगत असलेली उघडी तार) टर्मिनलवरून सोडली की चुका सुरू, लावली की बंद. एकाच दुपारी चार वेळा करून पाहिलं. वजाबाकी होते हे खरं, पण रिसीव्हरच्या मर्यादेत. आरएस-485 चा रिसीव्हर उणे 7 ते अधिक 12 व्होल्टपर्यंतचंच सामायिक (दोन्ही तारांवर सारखं येणारं) व्होल्टेज सांभाळेल याची हमी असते. त्यापलीकडचा टोकदार धक्का दोन्ही तारांवर अगदी सारखा आला तरी चिप चुकते.

पऱ्हाटी (वणीकडचा)

मी बगीचावाल्या भाऊच्याच बाजूनं. माह्याकडे फिटिंगवाल्या पोरानं शिल्डवालीच टाकली होती. टोक सोलताना फॉइलसंगची ती उघडी, चमकती तार त्यानं बिनकामाची समजून पकडीनं कापून टाकली, दोन्हीकडून. म्हणजे पैसे शिल्डचे गेले अन् शिल्ड कुठीच जोडली नाही. मले ते सहा महिन्यांनी समजलं.

पण खरी चूक दुसरीच निघाली. ए ले त्यानं केशरी तार लावली अन् बी ले निळी. केशरीचा पीळ केशरी-पांढरीसंग असते! दोन येगळ्या जोडीतल्या तारा घेतल्या तर पिळाचा फायदा राह्यलाच कुठं? ए-बी केशरी जोडीवर आणले, निळ्या जोडीच्या दोन्ही तारा मिळून ग्राउंड केलं, दोन्ही टोकाले ए-बीच्या मधात 120 ओमचे रेझिस्टर लावले. ड्रेन तार अजूनही तुटलेलीच हाय, अन् आकडा एकदाही चुकला नाही. लोकं आधी जोडी तपासत नाहीत, सरळ महागाची केबल आणतात. मले त्याचाच राग येते.

आयटीआय निदेशक (इलेक्ट्रॉनिक्स)

दोन्हीकडे अर्धं अर्धं बरोबर आहे, पण एक गैरसमज आधी काढून टाकू. शिल्डला अर्थिंगचा खड्डा लागतोच असं नाही. ती घराकडच्या सर्किटच्या ग्राउंडला एका टोकाला जोडली की विद्युत क्षेत्रातून येणारा गोंधळ फॉइलवरच थांबतो. त्यामुळे काळ्या मातीच्या भेगांचं कारण इथं टिकत नाही. उलट शेजारून गेलेल्या मोटरच्या वायरीच्या 50 हर्ट्‌झच्या चुंबकीय क्षेत्राला ते पातळ ॲल्युमिनियम अडवत नाही. तिथं पीळच कामी येतो, आणि अंतर. पॉवरच्या वायरीपासून फूटभर दूर राहा, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

ॲनालॉग सेन्सर, म्हणजे मोजमाप थेट व्होल्टेजच्या रूपात देणारा, असेल तर मात्र मी शिल्डशिवाय हात लावत नाही. एलएम35 हा तापमानाचा सेन्सर एका अंश सेल्सिअसला 10 मिलिव्होल्ट देतो. तेवढा गोंधळ लांब केबलवर सहज बसतो आणि तुम्ही एका अंशानं फसता. मुलं प्रोजेक्टमध्ये कोड तपासत बसतात, केबलकडे कोणी पाहत नाही.

बगीचावाला

सर, एका टोकाला जोडा म्हणता ते पटलं. भीती दुसरी आहे. गावातला वायरमन दोन्ही टोकं जोडणार, त्याला अर्थिंग म्हणजे अर्थिंग. विहिरीवर मोटरची बॉडी लीक झाली तर तिथल्या आणि घरच्या अर्थमध्ये फरक पडेल, आणि तो करंट त्या बारीक ड्रेन तारेतून माझ्या घरात येईल. साध्या केबलमध्ये ही चूक करायला जागाच नाही.

सौरपंप भाऊंचं चार वेळाचं निरीक्षण मी नाकारत नाही. पण तो इलाज सौर कंट्रोलरचा. माझ्याकडे स्टार्टर आहे, तर दुप्पट भाव देण्याआधी मी त्याच्या कॉइलवर एसीचा, 440 व्होल्टला चालणारा 0.1 मायक्रोफॅरड कपॅसिटर आणि सिरीजमध्ये 100 ओम लावीन. गोंधळ जिथं होतो तिथंच कमी करायचा.

धुरेकरी (पुसद)

दोन्ही बाजूंना विनंती आहे, जूनच्या पहिल्या विजा विसरू नका. माझी एक केबल शिल्डेड होती, एक साधी. झाडावर वीज पडली तेव्हा दोन्हीकडचे मॉड्यूल सारखेच जळाले. वाचलेला पैसा दोन्ही टोकांना टीव्हीएस डायोड आणि गॅस ट्यूब या जादा व्होल्टेजचा धक्का झेलणाऱ्या भागांवर घाला. आणि केबल कापून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. अस्सल 24 गेज तांब्याच्या एका जोडीतही 180 मीटरला जाऊन-येऊन 30 ओम होतात. तिच्यातून 12 व्होल्ट पाठवून बोर्डानं 200 मिलिॲम्पिअर ओढले की 6 व्होल्ट वाटेतच गेले. ॲल्युमिनियममध्ये त्याहून जास्त जातात.

सौरपंप (आर्वी)

बगीचावाले भाऊ, आज स्टार्टर आहे हे मान्य. पण केबल एकदा धुऱ्यात गाडली की दहा वर्षं निघत नाही. तुमच्या धुऱ्याला लागून कोणी सौर पंपाचा अर्ज भरला आहे का, तेवढं विचारून या.

बगीचावाला

विचारलं. शेजारच्या काकांनी भरला आहे, आणि त्यांची बोअर माझ्या धुऱ्यापासून 20 फुटांवर आहे. तरी मी साधीच टाकतो आहे, पण उत्तरेच्या धुऱ्यानं. 40 मीटर केबल जास्त लागेल.

सौरपंप (आर्वी)

40 मीटरची केबल आणि तेवढीच जास्त खोदाई धरली तर शिल्डचा फरक त्यातच निघतो, हिशोब करून पाहा. नाहीतर निदान ज्या पाइपातून ओढाल तो 25 मिलिमीटरचा घ्या आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. म्हणजे केबल बदलायची झाली तर धुरा पुन्हा खोदावा लागणार नाही.