पन्नास डाव पाठ केले की टूर्नामेंट जिंकता येते म्हणे!

शेवटची_चिप (धागाकर्ता)
परवा एका भाऊंनी ठणकावून लिहिलं की एक नावाजलेला पोकर व्यावसायिक धरा, त्याचे पन्नास डाव पाठ करा, टूर्नामेंटसाठी दुसरं काही लागत नाही. खाली लोकांनी भराभर माना डोलावल्या. तिथे दोन ओळी लिहून माझं समाधान झालं नाही, म्हणून हा काथ्याकूट.

पाठ नक्की काय करायचं? त्याने बटनवरून (शेवटी बोलायच्या जागेवरून) नव्वी-सत्ती घेऊन री-रेझ मारला, म्हणजे समोरच्याने वाढवलेली पैज आणखी वाढवली, हे? तेव्हा त्याच्यापुढे साठ ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी सक्तीने लावायच्या मोठ्या पैजेच्या साठपट चिप्स) होते आणि उजवीकडचा गडी तीन तास त्याला बघून पत्ते टाकत होता. तुमच्यापुढे अठरा ब्लाइंड, आणि समोर कशालाही कॉल करणारा, म्हणजे कुठलीही पैज स्वीकारणारा बहाद्दर. पत्ते तेच असले म्हणून डाव तोच होतो का?

स्वतःचंच सांगतो. बबलवर, म्हणजे आणखी एक जण उडाला की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस अशा वेळी, माझ्याकडे चौदा ब्लाइंड होते. एकाकडे फक्त तीन, तो कधीही उडणार. चिप लीडरने (सर्वांत जास्त चिप्सवाल्याने) ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि मी एक्का-राणीवर कॉल केला, कारण आदल्याच रात्री एका बड्या खेळाडूला अंतिम टेबलावर अगदी असाच कॉल करताना पाहिलं होतं. समोर निघाली सत्त्यांची जोडी. एक्काही नाही, राणीही नाही. तीन ब्लाइंडवाला बक्षीस घेऊन गेला, मी हात हलवत परत. नंतर तो व्हिडिओ पुन्हा पाहिला तर तिथे टेबलावर दोघेच उरले होते!

दुर्री_सत्ती
मग चूक व्यावसायिकाची की तुमची? व्हिडिओ अर्धवट पाहायचा आणि खापर शिकवणाऱ्यावर फोडायचं. मी दीड वर्ष एकाच खेळाडूचे डाव पाहतोय. नजर बसते. ती बसल्यावर आकडे लागत नाहीत.

हिशेबी
नजर बसते, चिप्स उठतात. हे घ्या. तिघे उरलेत, चिप्स सारख्या, बक्षिसांची वाटणी 50, 30, 20. प्रत्येकाच्या चिप्सची किंमत, म्हणजे सरासरी हाती येणारं बक्षीस, 33.3. ऑल-इनमध्ये एकाला उडवलंत तर चिप्स दुप्पट, पण किंमत होते फक्त 43.3. हरलात तर हातात 20. म्हणजे दहा मिळवायला तेरा पणाला लावताय. 57 टक्के वेळा जिंकणार असाल तरच कॉल. एक्का-राजा राणीच्या जोडीसमोर पन्नासच्याही खाली असतो. आता सांगा, हे नजरेला कुठे दिसतं?

दुर्री_सत्ती
आले कॅल्क्युलेटरवाले. 2003 साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ख्रिस मनीमेकरने सॅम फराला ब्लफ मारला, हलक्या पत्त्यांवर मोठी पैज लावून घाबरवलं, तेव्हा कोण टक्केवारी काढत बसलं होतं?

बटनवरचा
साहेब, मनीमेकर अकाउंटंट होता! 86 डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (पात्रता स्पर्धेतून) आलेला हौशी माणूस, 839 जणांत पहिला आला आणि 25 लाख डॉलर घेऊन गेला. त्या टेबलावरचा व्यावसायिक होता फरा, आणि त्याने नव्व्यांची जोडी टाकून दिली. तुमच्या सल्ल्यानुसार तो फोल्ड पाठ करू का?

दुर्री_सत्ती
शब्दात पकडायचं असेल तर पकडा. हिंमत दिसली का, एवढं बोला. हातात काही नसताना सगळ्या चिप्स!

कडेला_बसलेली
‘काही नसताना’ हे रिव्हरपुरतं (टेबलावरच्या पाचव्या, शेवटच्या पत्त्यापुरतं) खरं. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. टर्नपर्यंत (चौथ्या पत्त्यापर्यंत) खाली इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, इस्पिक अठ्ठी. स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) आणि फ्लश (एकाच चिन्हाचे पाच) दोन्हीच्या उंबरठ्यावर होता, तेव्हा त्याने रेझ केला. रिव्हरला बदाम तिर्री आली, काहीच लागलं नाही, आणि मग ऑल-इन. टर्नचा रेझ आधी समजून घ्या, हिंमत नंतर.

शेवटची_चिप
धाग्याचा विषय मनीमेकर नाही.

हिशेबी
आहे, कारण तेव्हाही दोघेच उरले होते. दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस दोघांच्याही खिशात जमा, पुढची प्रत्येक चिप सारख्याच किमतीची. तिथला ब्लफ उचलून बबलवर नेणं म्हणजे तुमचा एक्का-राणीचा कॉल परत.

शेवटची_चिप
जखमेवर मीठ चोळून झालं असेल तर पुढे चला.

बटनवरचा
व्यावसायिकांकडून लोक शिकतात एकच गोष्ट, बबलवर वेळ काढणं! दुर्री-सत्ती टाकायची हे ठरलेलं असतं, तरी कपाळाला हात लावून दोन मिनिटं तत्त्वचिंतन. कशासाठी, तर तोवर दुसऱ्या टेबलावर कोणीतरी उडावं. परवा माझ्या शेजारच्याने सलग तीनदा हे केलं. घड्याळ मागितलं, म्हणजे त्याला वेळेची मर्यादा घालायला सांगितलं, तर उलट मलाच ‘खेळाची समज नाही’!

दुर्री_सत्ती
माझ्या नावावर घसरायचं कारण नाही. आणि सगळे एवढे शहाणे, तर किती टूर्नामेंट जिंकलात?

हिशेबी
शून्य. तुम्ही?

दुर्री_सत्ती
एक.

बटनवरचा
किती जणांची?

दुर्री_सत्ती
आठ. हलकेच घ्या.

कडेला_बसलेली
भांडून झालं असेल तर सांगते. मी आणि माझा भाऊ डाव पाहूनच शिकलो, पण पडद्यावर जिथे पत्ते आणि जिंकण्याच्या शक्यतेचे टक्के दिसतात तिथे कागद चिकटवून. खरं विष ते टक्केच. पाहायचं ते व्यावसायिकाच्या बाजूने, म्हणून फक्त त्याचे पत्ते कागद उचलून बघायचे. त्याची पाळी आली की व्हिडिओ थांबवायचा. ब्लाइंड किती, कोणापुढे किती चिप्स, किती जण उरलेत, हे वहीत उतरवायचं, आपलं उत्तर लिहायचं, मगच पुढे. उत्तर जुळलं तर सोडून द्यायचं. नाही जुळलं तर त्या डावावर रात्र घालवायची.

वही भरल्यावर कळलं की आमची चूक मोठ्या ब्लफमध्ये नव्हतीच. बिग ब्लाइंडमधून, म्हणजे मोठा ब्लाइंड आधीच भरलेल्या जागेवरून, आम्ही नको इतके पत्ते टाकत होतो. समोरून दोन ब्लाइंडचा रेझ आला की बिग ब्लाइंडचा अँटे (त्याने सगळ्या टेबलाच्या वतीने भरलेली जादा रक्कम) धरून पॉटमध्ये, मधल्या ढिगात, साडेचार असतात, आपल्याला घालायचा एक. 18 टक्के वेळा जिंकणंही पुरतं! व्यावसायिक तिथे बावळट दिसणारे पत्ते घेऊनही आत येतो. पण असले डाव निवडक क्षणांच्या व्हिडिओत कोण दाखवणार? म्हणून कापलेला नको, सलग अंतिम टेबल पाहा. कंटाळवाणं असतं, माझा भाऊ दोनदा झोपला.

शेवटची_चिप
कागदाची युक्ती बरी आहे, मान्य. पण यात पाठांतर कुठे आलं? म्हणजे माझंच म्हणणं खरं.

दुर्री_सत्ती
डाव व्यावसायिकाचेच पाहिले ना? म्हणजे माझं.

हिशेबी
आणि 18 टक्के कोणी काढले?

बटनवरचा
ते सगळं असू द्या. फराने कॉल करायला हवा होता की नाही?

शेवटची_चिप
नवीन धागा काढा.