फ्लोअर सेन्सर वगळू नका

बाथरूमच्या फरशीखाली घालायची चार चौरस मीटरची विजेची हीटिंग मॅट आहे, तिला भिंतीवर साधा रूम थर्मोस्टॅट (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा स्विच) चालेल, असं काही जण म्हणतात. लोडपुरतं चालेलही: चौरस मीटरला १५० वॅट धरले तर ६०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला तीन अँपिअरसुद्धा नाही. पण तो खोलीतल्या हवेचं तापमान मोजतो. पुण्यात डिसेंबरमध्ये पाय गारठतात ते फरशीमुळे. हवेवर चालवलं तर फरशी किती तापली याला काही धरबंधच राहत नाही. फरशीचं तापमान मोजणारा सेन्सर लागतोच, तोही मॅटच्या केबलच्या दोन फेऱ्यांच्या बरोबर मध्ये, कंड्युटमध्ये (पातळ नळीत) सरकवलेला. कंड्युटचं टोक टेपने बंद करा, नाहीतर आत सिमेंट शिरलं की पुढे सेन्सर बदलायचा तर फरशी फोडा! अमेरिकेहून येणारा २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट मात्र विसरा, तो बॉयलर, फर्नेससारख्या यंत्रणांसाठी असतो, मॅट थेट चालवायला नाही.

कुणी लिहिलं नाही म्हणून: फरशी बसवण्याआधी आणि नंतर मल्टिमीटरने मॅटचा रेझिस्टन्स बघा. ६०० वॅटला साधारण ८८ ओहम. मिस्त्रीची थापी लागून केबल तुटली तर मीटर लगेच सांगतो. आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बाथरूममध्ये हे जोडूच नका, इलेक्ट्रिशियन कितीही ‘काही होत नाही साहेब’ म्हणाला तरी.