विषय: जांबोटीकडचं आमचं घर, मागच्या बागेसकट विकायचंय

प्रेषक: खानापूरची लेक, एडिनबरा

मंडळी नमस्कार,

लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी भावाशी बोलून ठरवलं. आमचं गावचं घर विकायचंय. दलालाला सांगायच्या आधी इथे टाकतेय कारण आपल्या मंडळाच्या मेल-लिस्टवर निम्मी मंडळी बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडचीच आहेत, कुणाच्या तरी नात्यागोत्यात योग्य माणूस निघेल.

बेळगाव-चोर्ला रस्त्याला जांबोटी सोडून पुढे, गावाच्या कडेला चढावर घर आहे. ज्यांना खरंच बघायचंय त्यांना पत्ता वेगळा कळवते. घर साधं आहे हे आधीच सांगते. सोपा, माजघर, एक खोली, स्वयंपाकघर आणि मागे परडं, एवढंच. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, संडास-बाथरूम नंतर आत बांधून घेतलेत. गाडी दारापर्यंत येत नाही, खाली लावून थोडं चढावं लागतं, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधीच विचार करावा.

पण खरी गोष्ट घरामागची. तीस गुंठ्यांचा उतार आहे आणि बाबांनी नोकरी सांभाळून दर उन्हाळ्यात थोडी थोडी करत त्याच्यावर ताली, म्हणजे माती अडवणारे टप्प्याटप्प्याचे बांध घातले, सगळे सुक्या दगडाचे, सिमेंट कुठेच नाही. वर काजू आणि फणस, मध्ये कोकम, पपनस, रामफळ, खाली ओलाव्याला सुपारी आणि सुपारीवर मिरीचे वेल. घराला लागून आईचं राज्य, अबोली, अनंत, सोनचाफा, बकुळ, हळद, आलं. पाणी वरच्या झऱ्याचं, पाइपने आपोआप टाकीत उतरतं, मोटर लागत नाही. एप्रिलमध्ये धार बारीक होते तेव्हा सुपारीला पाळीने द्यावं लागतं.

आई गेल्यापासून शेजारचे काका-काकू बाग बघतात. त्यांचंही वय झालं. भाऊ बंगळुरात, मी इथे. बाग चांगली आहे तोवर ती जाणत्या माणसाच्या हातात जावी एवढीच इच्छा आहे. किंमत इथे लिहीत नाही, बघून आल्यावर बोलू.

---

प्रेषक: मूळ शहापूर, आता बर्मिंगहॅम

ताई, मेल वाचून बायकोला दाखवला आणि आमच्याकडे दुसरा विषयच नाही. आमचं कधीपासून चाललंय की रिटायर झाल्यावर सहा महिने तिकडे राहायचं, फ्लॅट नको, कौलारू पाहिजे, चोर्ल्याचा पाऊस पाहिजे. आम्ही दोघं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय मूळाचे. तीस गुंठे बाग मात्र आम्हाला झेपायची नाही आणि ओसीआयवाल्याला शेतजमीन मिळत नाही असंही कुणीतरी म्हणालं, तर नुसतं घर आणि त्याच्यापुढचं अंगण असं वेगळं काढून देता येईल काय? बाकीचं तुम्ही कुणाला पण द्या. घाई नाही पण दुसऱ्याला शब्द द्यायच्या आधी सांगा प्लीज.

---

प्रेषक: निपाणीकर काका, लीड्स

दोघांनाही लिहितोय. बँकेत असताना कर्जासाठी येणारे असले कागद रोज बघितलेत, म्हणून राहवत नाही.

ओसीआय किंवा एनआरआय माणसाला भारतात राहतं घर घेता येतं. शेतजमीन, प्लँटेशन आणि फार्महाऊस मात्र परकीय चलनाच्या फेमा कायद्याने विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आली तर ठेवता येते, ताईंची तशीच आलेली असणार. पण ती विकताना घेणारा भारतात कायम राहणारा भारतीय नागरिकच लागतो. म्हणजे ताई, बागेचं गिऱ्हाईक इथल्या लिस्टवर शोधलंत तरी कागदावर नाव तिकडच्याच माणसाचं येणार.

दुसरी गोष्ट, घर आणि बाग एकाच उताऱ्यावर आहेत की वेगळी? घर गावठाणात असेल तर त्याचा पंचायतीचा ई-स्वत्तूचा उतारा निघेल आणि बागेला सर्वे नंबरचा आरटीसी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा. ते वेगळे असतील तरच वरच्या प्रश्नाला अर्थ आहे. ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, पण काढून ठेवा, म्हणजे कुणाचा बोजा नाही हे दिसेल. खानापूर तालुक्यातली बरीच गावं पश्चिम घाटातल्या पर्यावरण-संवेदनशील गावांच्या कस्तुरीरंगन यादीत आहेत, तुमचं आहे का तेही बघून घ्या, घेणारा विचारणारच.

आणि चंदगडला पाहुणे असतात आपल्या बऱ्याच जणांचे, त्यांना हे ठाऊक नसतं म्हणून सांगतो. महाराष्ट्रात शेती घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, कर्नाटकात ती अट होती ती २०२० साली काढून टाकली. त्यामुळे बेळगावात राहणारा मास्तर, दुकानदार, कुणीही तुमची बाग घेऊ शकतो. गिऱ्हाईक वाढलंय, आणि प्लॉट पाडणारे पण वाढलेत.

ताई, मुखत्यारपत्र इथून करून पाठवणार असाल तर रीतसर अटेस्ट करून पाठवा आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला स्टँप लावून घ्या, राहिलं तर रजिस्ट्रेशनच्या दिवशी अडतं.

---

प्रेषक: खानापूरची लेक, एडिनबरा

काका, फार आभार. उतारे वेगळेच आहेत, घर गावठाणात आणि बाग सर्वे नंबरची. म्हणजे कागदावर तोडता येईल. पण मी तोडणार नाही, आणि का ते नीट सांगते कारण शहापूरकर दादांनी मनापासून विचारलंय.

घराच्या मागच्या भिंतीपासून दोन हातांवर एक चर आहे. पावसाळ्यात वरच्या सगळ्या तालींचं पाणी त्या चरात उतरतं आणि घराला वळसा घालून ओढ्याला जातं. मे संपायच्या आत चर साफ करावा लागतो, आणि जुलैत झड लागली की दर दोन-तीन दिवसांनी त्यातला पाला ओढावा लागतो, फणसाचं एक पान आडवं बसलं तरी मागे सगळं तुंबतं. तुंबलं की पाणी भिंतीत. बाग दुसऱ्याची झाली आणि त्याने वरची एक ताल जेसीबीने काढली तर घर घेणाऱ्याने काय करायचं? झरा पण वर, बागेच्या टोकाला. त्याने पाइप तोडला तर घरात पिण्याचं पाणी नाही. बाबांनी घर आणि बाग अशी दोन कामं केलीच नव्हती, एकच काम होतं ते.

बागेचं म्हणाल तर झेपत नाही असं नाही, पण शिकून घ्यावं लागतं. मधल्या तालीवर एक कोकम आहे, डेरेदार, दरवर्षी फुलतो आणि फळ एक धरत नाही. बघायला येणारा प्रत्येक माणूस म्हणतो हा वांझ आहे, काढून टाका. तो नर आहे. कोकमात नर-मादी झाडं वेगळी असतात, तो काढला तर बाकीच्या झाडांचं फळ कमी होईल. सुपारीला पावसाच्या आधी बोर्डो मिश्रण फवारावं लागतं नाहीतर कोळेरोगाने घड गळून पडतात, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, आणि दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं. शेजारच्या काकांना हे सगळं तोंडपाठ आहे. जो घेईल त्याने निदान एक वर्ष त्यांच्या हाताखाली काम करावं आणि त्यांची मजुरी चालू ठेवावी, ही माझी अट आहे, किमतीत त्यासाठी मी कमी करेन.

कुणी बेळगावात असेल तर एकदा जाऊन त्रयस्थ नजरेने बघून लिहाल का? मला चांगलंच दिसणार.

---

प्रेषक: टिळकवाडी, बेळगाव (मंडळाचा जुना मेंबर, परत आलेला)

जाऊन आलो ओ ताई. सकाळी निघालो, जांबोटीत चहा घेतला, शेजारचे काका वाटच बघत होते.

आधी वाईट सांगतो. सोप्यावरचे दोन वासे वाळवीने खाल्लेत, बोट घातलं तर भुगा पडतो. न्हाणीकडची कौलं सरकलीत, ती पावसाच्या आधी शाकारून घ्यायलाच पाहिजेत. वायरिंग जुनं आहे. मागच्या भिंतीला ओल आहे खरी पण कमरेच्या खालीच, आणि काका म्हणाले चर साफ असला की वाढत नाही. रात्री गवे येतात, वरच्या बाजूचं कुंपण एका ठिकाणी मोडलंय. नेट खोलीत येत नाही, फणसाखाली येतं.

आता बाग. काय सांगू ओ, ताली जशाच्या तशा, एक दगड हललेला नाही, प्रत्येक तालीत पाणी झिरपायला फटी ठेवलेल्या दिसतात, ज्याने लावलं त्याला पाण्याची वाट ठाऊक होती. मिरीचे वेल पण जोमात आहेत. पपनसाची झाडं पण चांगली आहेत. कोकमाचे तोडायचे दिवस आहेत आणि काकू एकट्या सोलून साली सुकवूलेत, पाऊस लवकर आला तर सगळं वाया जातंय म्हणून जीव टांगणीला.

एक सांगायलाच पाहिजे. काका म्हणाले मागल्या महिन्यात दोन पार्ट्या येऊन गेल्या, सपाट करून कॉटेज घालायचे म्हणूलेत. घराकडे बघितलं पण नाही, गाडी वरपर्यंत नेता येईल काय तेवढंच विचारलं. पैसे जास्त देतील ते. तुम्ही ठरवा, पण मला विचाराल तर नको.

---

प्रेषक: मूळ शहापूर, आता बर्मिंगहॅम

ताई तुमचं पटलं, चर डोळ्यासमोर आला. काल दादाशी फोनवर तासभर बोललो, माझा मोठा भाऊ, बेळगावच्या शहापुरातच असतो, हायस्कुलातून रिटायर झाला, वहिनीचं माहेर कणकुंबीचं म्हणजे पाऊस, गवे, जळवा हे तिला नवीन नाही, उलट मी बोलायच्या आधी तीच म्हणाली कोकम कोण फोडतंय तिथे आता. दोघांना शहर सोडायचंच आहे. पैसे थोडे कमी पडतील ते मी घालतो, नाव त्याचं लावतो, चालेल ना काका?

---

प्रेषक: निपाणीकर काका, लीड्स

तसं करू नकोस बाबा. पैसे तुझे आणि नाव भावाचं म्हणजे बेनामी ठरू शकतं, आणि वर ओसीआयने आडून शेती घेतली असाही अर्थ निघतो. दादाला जमत असेल तर त्याच्या पैशाने, त्याच्या नावाने होऊ दे, तू पाहुणा म्हणून जाऊन राहा. वासे आणि कौलांचा खर्च बघून ताई किमतीत काय ते बघतील.

---

प्रेषक: खानापूरची लेक, एडिनबरा

दादा-वहिनींना माझा नमस्कार सांगा. कॉटेजवाल्यांना भावाने आजच नाही म्हणून कळवलं. दुरुस्तीचं मी किमतीतून वजा करते, त्यासाठी कुणी अडून राहणार नाही.

एकच विनंती, त्यांनी आत्ता मे महिन्यात बघून ठरवू नये. आत्ता कुणालाही आवडतं, आभाळ मोकळं आणि फणस पिकलेले. जुलैत या म्हणावं, दोन रात्री राहा, किल्ली शेजारच्या काकांकडे आहे आणि माजघरात अंथरूण-पांघरूण आहे. चर वाहताना बघा, भिंतीला हात लावून बघा, वहिनींनी चूल पेटवून बघावी, ओलं सरपण असतं तेव्हा धूर कुठे जातो ते कळेल. तोपर्यंत मी दुसऱ्या कुणाशी बोलत नाही. आरटीसी, ईसी आणि पंचायतीचा उतारा भाऊ या आठवड्यात स्कॅन करून पाठवतोय, सगळं कन्नडमध्ये आहे पण दादांना अडचण नसावी. टिळकवाडीकर दादा, न्हाणीवरच्या कौलांसाठी तिकडचा कुणी चांगला माणूस ठाऊक असेल तर काकांना सांगाल का, पैसे मी पाठवते, ते काम विक्रीसाठी थांबवायचं नाही.